४१४० पोलादाचे दोन लॉट, कडकपणा दोन्हींचा ३० एचआरसी. मग एक चिवट आणि दुसरा ठिसूळ का?

यंत्रभाग:

नमस्कार मंडळी. ४१४० पोलादाचे शाफ्ट आहेत, व्यास ४० मिमी, लांबी ३०० मिमी. ड्रॉइंगवर मागणी आहे ती हार्डनिंग-टेम्परिंग (तापवून झटकन गार करणं, मग कमी तापमानाला पुन्हा तापवणं) करून २८ ते ३२ एचआरसी (रॉकवेल सी मापावरचा कडकपणा), आणि खोलीच्या तापमानाला चार्पी व्ही-खाच चाचणीत (खाच पाडलेला तुकडा एका फटक्यात तोडायला लागणारी ऊर्जा) किमान ४० ज्यूल. सगळा बार एकाच हीटचा (एकाच ओतणीचा): कार्बन ०.४१, मँगनीज ०.८६, क्रोमियम १.०२, मॉलिब्डेनम ०.१९, फॉस्फरस ०.०१८ टक्के.

लॉट अ: १४० किलो. ८५५ अंश सेल्सिअसला ९० मिनिटं, तेलात क्वेंच (झटकन गार), मग ६०० अंशांना २ तास टेम्पर, बाहेर काढून हवेत गार. क्वेंचनंतर ५२ एचआरसी, टेम्परनंतर ३०. चार्पी ८८, ९१, ८४ ज्यूल.

लॉट ब: ४०० किलो. भट्टी तीच, ८५५ अंश आणि ९० मिनिटं तेच, तेलाची १५०० लिटरची टाकी तीच. क्वेंचनंतर ४३ एचआरसी आला. ६०० ला टेम्पर केलं तर २८ च्या खाली जाईल म्हणून ५४० ला २ तास ठेवला आणि लोड मोठा असल्यामुळे भट्टीतच गार होऊ दिला. टेम्परनंतर ३०. चार्पी २१, १९, २६ ज्यूल.

कडकपणा सारखा म्हणजे ताकद सारखी, इथवर ठीक. पण चिवटपणात एवढा फरक कसा? ५४० अंश हा टेम्पर ठिसूळपणाच्या (ठरावीक तापमानांत राहिल्याने येणाऱ्या ठिसूळपणाच्या) पट्ट्यात येतो, त्यामुळे असं झालं का? आणि लॉट ब वाचवता येईल का?

भट्टीजवळ:

३० हा आकडा क्षणभर बाजूला ठेवा आणि क्वेंचनंतरचे ५२ आणि ४३ बघा. बहुतेक सगळं तिथेच घडलंय.

०.४० टक्के कार्बनच्या पोलादात पूर्ण मार्टेनसाइट (झटकन गार केल्यावर होणारी कडक रचना) झाला तर ५६-५७ एचआरसी मिळतो. ९० टक्क्यांच्या आसपास झाला तर ५१-५२. निम्माच झाला तर ४४-४५. म्हणजे तुमच्या लॉट ब मध्ये पृष्ठभागावरच जेमतेम अर्धा मार्टेनसाइट होता, आत त्याहून कमी. उरलेली जागा वरच्या तापमानाला तयार झालेल्या बेनाइटने (गार होणं मंदावलं की बनणाऱ्या रचनेने) भरली, काही ठिकाणी फेराइटही (मऊ, जवळपास कार्बन नसलेलं लोह) असेल.

टेम्पर केलेल्या मार्टेनसाइटमध्ये कार्बाइड (लोह आणि कार्बनचे कठीण कण) बारीक आणि सगळीकडे पसरलेले असतात. तड्याला दर काही मायक्रॉनवर दिशा बदलावी लागते, तिथे ऊर्जा खर्च होते. अप्पर बेनाइटमध्ये कार्बाइड लांबट असतात आणि फेराइटच्या पट्ट्यांच्या मधोमध रांगेने बसतात. तडा त्यांच्यापाशी सुरू होतो आणि शेजारच्या पट्ट्यांची दिशा जवळपास एकच असल्याने सरळ धावत सुटतो. रॉकवेलचा हिरा फक्त धातू सरासरी किती दबतो ते मोजतो. त्याला हा फरक दिसत नाही. तन्य ताकदीलाही फारसा दिसत नाही: ३० एचआरसी म्हणजे साधारण २८६ ब्रिनेल, त्याला ३.४ ने गुणा, दोन्ही लॉट ९७० मेगापास्कलच्या आसपास येतील.

त्यावर दुसरी चूक चढली. ४३ वरून २८-३२ च्या पट्ट्यात उतरायचं म्हणून टेम्परिंग ६० अंशांनी खाली आणलं. तापमान आणि वेळ एकत्र मोजायचं हॉलोमन-जाफे सूत्र लावून बघा, केल्विनमधलं तापमान गुणिले (२० + तासांचा लॉगॅरिदम). लॉट अ चा आकडा १७७२३, लॉट ब चा १६५०५. वेळ दुप्पट केल्याने या भागात फक्त १२ अंशांइतका परिणाम मिळतो, म्हणजे ६० अंशांची तूट वेळ वाढवून भरायची तर पाच वेळा दुप्पट, ६० तासांच्या पुढे. क्वेंच कमी पडला की टेम्परिंग कमी करून आकडा जुळवायचा, ही सवय फार घातक आहे. कागदावर जॉब पास होतो आणि चिवटपणा मिळवून देणारी पायरीच कापली जाते.

आता क्वेंच का कमी पडला. ४१४० ची कडक होण्याची खोली मर्यादित आहे. तेलात क्वेंच केलेल्या बारचे नेहमी वापरले जाणारे आकडे असे: २५ मिमी बारला पृष्ठभागावर ५५, मध्यभागी ५०. ५० मिमीला पृष्ठभागावर ४९, मध्यभागी ३८. १०० मिमीला ३६ आणि ३४. तुमचा ४० मिमी नेमका घसरणीवर आहे. तेलाने थोडा हात आखडता घेतला की आकडा कोसळतो.

तेलाचा हिशेब मांडू. ४०० किलो पोलाद ८६० वरून ६० अंशांवर आणायचं तर सुमारे २०८ मेगाज्यूल उष्णता काढावी लागते. १५०० लिटर तेल म्हणजे १३०० किलो. ते एक अंशाने तापायला २.६ मेगाज्यूल लागतात. म्हणजे तेल ८० अंशांनी तापणार. ५० वर सुरू केलंत तर १३० वर संपलं. १४० किलोला हीच वाढ २८ अंश. एक किलो लोडला ८ ते १० लिटर तेल हा जुना नियम याच हिशेबातून आलाय. तापलेल्या तेलात जॉबभोवतीचं वाफेचं आवरण जास्त वेळ टिकतं, आणि ६५० ते ५०० अंशांमधून जॉब वेगाने खाली यायला हवा तेव्हाच तो रेंगाळतो. शिवाय ४०० किलोची बास्केट खच्चून भरलेली असेल, मधल्या शाफ्टपर्यंत तेलाचा प्रवाह पोचलाच नसेल. एवढं तापलेलं तेल ज्वलनांकाच्याही जवळ जातं, आगीचा धोका वेगळाच.

खाच_२मिमी:

चार्पीचे नमुने कुठून काढले ते लिहिलेलं नाही. पृष्ठभागाखाली १२ मिमीवरून काढला की मध्यातून, यावर ४० मिमी बारमध्ये बराच फरक पडतो. दोन्ही लॉटचे नमुने एकाच जागेवरून आणि बारच्या लांबीच्या दिशेने हवेत. खाचही तपासा: खोली २ मिमी, कोन ४५ अंश, तळाची त्रिज्या ०.२५ मिमी. घासलेल्या कटरने त्रिज्या वाढली तर आकडे खोटे चांगले येतात.

आणि तन्य चाचणी करा. फक्त तुटण्याची ताकद नको, यील्डही (कायमचं विरूपण सुरू होतं तो ताण) घ्या. नीट क्वेंच होऊन टेम्पर झालेल्या ४१४० मध्ये यील्ड भागिले तन्य ताकद ०.८५ ते ०.९० च्या घरात असते. क्वेंच अर्धवट असेल तर हे गुणोत्तर ०.७५ च्या खाली येतं. पंधरा मिनिटांत कळतं, सूक्ष्मदर्शकही लागत नाही.

कणसीमा:

भट्टीजवळ यांचं निदान पटतं, पण टेम्पर ठिसूळपणाची शंका न तपासता सोडू नये. ३७५ ते ५७५ अंशांच्या पट्ट्यात जॉब बराच वेळ राहिला किंवा त्यातून सावकाश गार झाला तर फॉस्फरस, टिन, अँटिमनी, आर्सेनिक जुन्या ऑस्टेनाइटच्या (८५५ अंशांना असलेल्या रचनेच्या) कणसीमांवर गोळा होतात आणि तुटणं कणांच्या सीमांवरून होतं. तुमचा लॉट ब या पट्ट्यात २ तास होता आणि भट्टीत गार झाला, म्हणजे संशयाला जागा आहे. मॉलिब्डेनम ०.१९ असल्याने ४१४० तसं बरंच तग धरतं. हाच प्रकार मॉलिब्डेनम नसलेल्या निकेल-क्रोम पोलादात केला असता तर मी आधी इकडेच बोट दाखवलं असतं.

हा दोष उलटवता येतो: ६०० च्या वर नेऊन झटकन गार केलं की जातो. पण तुमच्या बाबतीत नुसतं ६२० ला नेऊन चार्पी वाढली, यावरून काहीच सिद्ध होत नाही. ५४० ला टेम्पर केलेला कोणताही तुकडा ६२० ला मऊ होणार आणि चार्पी वाढणारच. म्हणून तुलना अशी लावा.

लॉट ब मधून सहा तुकडे कापा, पण खाच पाडू नका. सहाही ६२० अंशांना १ तास ठेवा. तीन थेट पाण्यात टाका. तीन भट्टीतच ३०० पर्यंत गार करा. मग १०×१०×५५ मिमीला फिनिश करून खाच पाडा, म्हणजे खाचेच्या तळाला ऑक्साइड लागणार नाही. सहांचा कडकपणा सारखाच येईल. आता पाण्यातल्या आणि भट्टीतल्या तुकड्यांच्या चार्पीत जो फरक दिसेल तो निव्वळ टेम्पर ठिसूळपणाचा.

तुटलेला पृष्ठभागही दिव्याखाली फिरवून बघा. चिवट तुकडा राखाडी, मंद, तंतुमय दिसतो आणि कडेला ४५ अंशांत वळलेले ओठ असतात. बेनाइटमधून फाटलेला तुकडा सपाट असतो आणि कलता केला की त्यावर लहान चकत्या एकेक करून चमकतात. कणसीमांवरून तुटलेला खडीसाखरेसारखा दिसतो, गोलसर दाण्यांचा.

यंत्रभाग:

तिन्ही उत्तरांप्रमाणे करून बघितलं. चार्पीचे नमुने दोन्ही लॉटचे अर्ध्या त्रिज्येवरून, लांबीच्या दिशेने काढलेले होते. खाच प्रोजेक्टरवर तपासली, बरोबर आहे.

तन्य चाचणी: लॉट अ, यील्ड ८६० आणि ताकद ९६५ मेगापास्कल, गुणोत्तर ०.८९. लॉट ब, यील्ड ७०० आणि ताकद ९६०, गुणोत्तर ०.७३.

सहा तुकडे ६२० वरून: पाण्यात गार केलेले ३४, ३१, ३७ ज्यूल, भट्टीत गार केलेले ३०, ३३, २९. कडकपणा सगळ्यांचा २६-२७.

२ टक्के नायटालने (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) एच करून, म्हणजे पृष्ठभाग हलका खाऊन रचना उघडी करून, बघितलं तर लॉट ब मध्ये पिसासारखी रचना दिसते आणि काही ठिकाणी जुन्या कणांच्या कडेने पांढऱ्या रेषा. तुटलेला पृष्ठभाग सपाट आणि चमकणारा आहे, खडीसाखरेसारखा नाही.

आणखी एक निघालं. क्वेंचनंतरच्या नोंदी पुन्हा काढल्या, तर ४३ ही सरासरी होती. बास्केटच्या बाहेरच्या रांगेत ४६-४७ आणि मधल्या शाफ्टवर ३७-३९.

कणसीमा:

मग निकाल स्पष्ट आहे. पाणी आणि भट्टी यांच्यात तीन-चार ज्यूलचा फरक, म्हणजे टेम्पर ठिसूळपणाचा वाटा नगण्य. २६ एचआरसीपर्यंत मऊ करूनही ४० ज्यूल मिळत नाहीत हे लक्षात घ्या. टेम्परिंग बदलून हा लॉट सुधारणार नाही, रचनाच चुकीची आहे.

पांढऱ्या रेषा जुन्या कणांच्या कडेने आहेत हे महत्त्वाचं. फेराइट सीमांवर जाळीसारखा असेल तर तो क्वेंचमध्ये गार होताना तयार झालेला असतो. भट्टीत जॉब पुरेसा तापला नसता तर न विरघळलेला फेराइट सुटे ठिपके होऊन इथेतिथे दिसला असता. म्हणजे दोष तेलाच्या बाजूचा आहे, भट्टीचा नाही.

वेगघटक:

मग सरळ पाण्यात क्वेंच का करत नाही? खोलीपर्यंत कडक होईल आणि तेलाची भानगडच नको.

भट्टीजवळ:

नको. ०.४१ कार्बन आणि १ टक्का क्रोमियम असलेल्या पोलादात मार्टेनसाइट सुमारे ३३० अंशांवर सुरू होतो आणि होताना आकारमान साधारण ४ टक्क्यांनी वाढतं. पाण्यात पृष्ठभाग आधीच मार्टेनसाइट होऊन ठिसूळ झालेला असतो, त्यानंतर गाभा फुगतो आणि बाहेरचं कवच ताणतो. कीवे, खांदा, भोक, खोल टूलमार्क, कुठूनही तडा जाईल. कधीकधी जॉब बाहेर काढून ठेवल्यावर तासाभराने फुटतो. पाण्याच्या वेगाची गरज असेल तर पॉलिमर द्रावण वापरा, पण त्याची तीव्रता रिफ्रॅक्टोमीटरने रोज मोजावी लागते आणि प्रवाह सतत हवा.

तडा सापडला तर तो कधीचा आहे तेही कळतं. तोडून आत बघा: टेम्परिंगच्या आधी पडलेल्या तड्याच्या भिंतींवर टेम्परिंगचा काळपट रंग चढलेला असतो. एच केल्यावर भिंतींना लागून कार्बन उडालेला पांढरा पट्टा दिसला, तर तो तडा हार्डनिंगच्याही आधीचा, म्हणजे बारमध्येच होता.

आता लॉट ब वाचवण्याबद्दल. पुन्हा हार्डन करता येतो. आधीच टेम्पर झालेला असल्याने मध्ये ॲनिलिंग (सावकाश गार करून मऊ करणं) लागत नाही. आधी सगळ्या शाफ्टची चुंबकीय कण चाचणी करून तडे गेलेले बाजूला काढा. लोड १४०-१५० किलोच, म्हणजे तीन फेऱ्या. शाफ्ट उभे ठेवा किंवा टांगा, आडवे रचू नका, ३०० मिमी लांबी वाकते. दोन शाफ्टमध्ये ४० मिमी अंतर सोडा.

६५० अंशांना थांबून लोड एकसारखा तापू द्या, मग ८५५. वेळ भट्टीच्या मीटरवरून मोजू नका. मीटर भट्टीतल्या हवेचं तापमान सांगतो. ४० मिमीचा एक फालतू तुकडा लोडच्या मध्ये ठेवा, त्याच्या पोटात थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) घाला, आणि तो ८५० दाखवू लागल्यापासून ३० ते ४० मिनिटं धरा. तापमान वाढवून भरपाई करायच्या मोहात पडू नका, कण जाड झाले की चिवटपणा पुन्हा जाईल.

दार उघडल्यापासून तेलात जाईपर्यंत १५ सेकंदांच्या आत. तेल ५० ते ६० अंश, पंप चालू, प्रवाह खालून वर. त्याआधी थोडं तेल परीक्षानळीत तापवून बघा. तडतडलं तर त्यात पाणी आहे. थोडंसं पाणीही तळाशी साचून मऊ डाग, तडे आणि उकळून बाहेर येणारं पेटतं तेल, सगळं देऊ शकतं. जॉब ६०-७० अंशांवर आला, म्हणजे हात लावला तर चटका बसेल एवढाच गरम राहिला, की बाहेर काढा आणि लगेच टेम्पर भट्टीकडे न्या. रात्रभर ठेवायचा नाही.

टेम्परला घालण्याआधी बास्केटच्या मधले आणि कडेचे मिळून किमान चार शाफ्ट तपासा. जागा ०.३ मिमी घासून मगच रीडिंग घ्या, कारण साध्या भट्टीत दोनदा ८५५ ला गेलेल्या जॉबचा वरचा थर कार्बन गमावून बसलेला असतो. ५० च्या खाली एकही आला तर तो लोड टेम्पर करू नका. सरासरी काढायची नाही, सगळ्यात कमी रीडिंग धरायचं.

टेम्परसाठी आधी एक शाफ्ट ५९० ला २ तास ठेवून बघा. इथे दर १० अंशांना साधारण अर्धा ते एक एचआरसी कमी होतो. जास्त असेल तर पुन्हा वर नेता येतं. एकदा खाली गेलेला कडकपणा मात्र नवीन हार्डनिंगशिवाय परत येत नाही. शेवटी हवेत गार करा, भट्टीत नको.

ग्राइंडिंग अलाउन्स (शेवटी घासून काढायला ठेवलेली जादा जाडी) किती उरलाय तेही सांगा. एका बाजूने ०.५ मिमीपेक्षा कमी असेल तर कार्बन गेलेला थर पूर्ण निघणार नाही, आणि फिरत्या शाफ्टमध्ये थकव्याचा तडा त्याच मऊ कातडीत सुरू होतो.

वेगघटक:

पटलं. याच विषयाला धरून एक विचारतो: ४० मिमीचा असाच शाफ्ट भाराखाली जास्त वाकतो, म्हणून तो ४४ एचआरसी करायचा विचार आहे. ४१४० चालेल?

खाच_२मिमी:

वाकणं कमी होणार नाही. पोलादाचा लवचिकता गुणांक २०५ ते २१० गिगापास्कल, मऊ असो वा कडक. हीट ट्रीटमेंटने यील्ड वाढतं, म्हणजे वाकून तसाच राहण्याआधी जास्त भार घेईल, पण त्याच भाराला तेवढाच वाकेल. व्यास ४० चा ४४ करा: ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ४६ टक्के.

४४ एचआरसीला आणखी एक अडचण आहे. ४१४० त्यासाठी ४०० अंशांच्या जरा खाली टेम्पर करावं लागेल, आणि २६० ते ३७० हा दुसऱ्या प्रकारच्या ठिसूळपणाचा पट्टा त्याला चिकटूनच आहे. हा उलटवता येत नाही, झटकन गार करून काही होत नाही. तेवढी ताकद खरंच लागणार असेल तर सिलिकॉन जास्त असलेलं पोलाद बघा. ३००एम या पोलादात १.६ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं, त्यामुळे हा पट्टा वर सरकतो आणि ३०० अंशांना टेम्पर करूनही चिवटपणा टिकतो.

यंत्रभाग:

अलाउन्स एका बाजूने ०.८ मिमी आहे. तीन फेऱ्यांत करतो. थर्मोकपलच्या तुकड्याला भोक किती खोल पाडू?

भट्टीजवळ:

०.८ पुरेल. तुकडा शाफ्टएवढाच, ३०० मिमी लांब घ्या. टोकाकडून ६ मिमीचं भोक, खोली किमान १२० मिमी, नाहीतर टोकाची उष्णता आधी पोचते आणि मीटर लवकर ८५० दाखवतो. थर्मोकपल तळाला टेकलेलं असू द्या आणि तोंड सिरॅमिक लोकरीने घट्ट बंद करा. क्वेंचच्या आधी थर्मोकपल बाहेर काढा, पण तो तुकडा बास्केटच्या अगदी मधोमध तसाच तेलात जाऊ द्या. नंतर आडवा कापून पृष्ठभागापासून मध्यापर्यंत दर ५ मिमीवर रीडिंग घेतलंत की त्या लोडमध्ये तेल कुठवर पोचलं ते समोर दिसेल.